गायरानातले अकरा पळस

आमच्या गावाला लाल फुलांचं एकच झाड माहीत आहे. माघ सरला की बालाघाटाच्या उतारावर जे लाल दिसेल तो पळस. पांगारा फुलला, पळस. सावर फुलली, तरी पळस. तालुक्याचा कुणी साहेब जीपमधून उतरायचा, कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "वा, पळस काय फुललाय!" मजूर संस्थेचे चेअरमन आबाराव लगेच मान डोलवायचे, "व्हय साहेब, आमच्याकडं पळस लई." आणि दोघंही त्या वेळी पांगाऱ्याकडं बघत असायचे. भूमपासून आठ मैलांवरचं आमचं गाव. शेती कोरडवाहू, अक्कलही कोरडवाहू.

ह्या गावात तीन झाडांतला फरक ठामपणे सांगणारं एकच माणूस होतं, सरुबाई. आमच्या बौद्धवाड्यातली. मी तिला आत्या म्हणायचो. नात्यागोत्याची नव्हती, पण वाड्यातली प्रत्येक वयस्क बाई कुणाची ना कुणाची आत्या असतेच. उंच, हाडकुळी, नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. ती पत्रावळ्या टाचायची. उन्हाळ्यात पळसाला नवी पानं फुटली की गायरानात जाऊन तोडून आणायची, सुकवून थप्प्या लावायची आणि वर्षभर दारात बसून काडीनं टाचायची. तिच्याकडं गुंठाभर जमीन नव्हती. गायरानाच्या उतारावरचे चाळीसेक पळस हीच तिची जमीन. सातबाऱ्याला त्यांचा पत्ता नव्हता, पण वीस वर्षं तिनंच ते राखले होते.

त्या झाडांच्या जिवावर ती कुणाच्या बांधाला जात नसे. आमच्या वाड्यात तेव्हा असं म्हणू शकणारी दुसरी बाई नव्हती. "म्या कुनाच्या हाताखाली न्हाय," हे वाक्य ती दिवसातून चारदा ऐकवायची, आणि समोर आबाराव असले तर पाचदा.

ह्या पत्रावळ्यांची एक गंमत आहे. गावातली मोठी घरं तिच्या हातची पत्रावळ घेत नसत. का, ते सांगायची गरज नाही. ती गठ्ठे बांधून भूमच्या बाजारात वीरप्पा दुकानदाराला घालायची, आणि गावात लग्न निघालं की हीच मंडळी एसटीनं भूमला जाऊन वीरप्पाकडून तेच गठ्ठे आणायची. आबारावांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात हजार माणूस जेवलं, सगळं आत्याच्या पानावर. जाताना बाटलेली पत्रावळ येताना शुद्ध व्हायची. आत्या म्हणायची, "वीरप्पाच्या दुकानात सोवळं मिळतंय, आन् एसटीत फुकट चढतंय." आणि खो खो हसायची. तिचं हसणं ऐकलेला माणूस पुन्हा तिच्यासमोर चूक करायला धजायचा नाही. पुढं जे झालं ते ह्यामुळंच झालं, म्हणून हे हसणं लक्षात ठेवा.

आता माझ्याबद्दल. मी गुलाब. वाड्यातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. चौथीनंतर कळंबच्या बोर्डिंगात, तिथून औरंगाबादला. सुट्टीत घरी आलो तरी पारावर पुस्तक धरून बसायचो, म्हणजे कामाला कुणी हाक मारत नाही. एवढं करून बी. एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला आपटलो, वनस्पतिशास्त्रासकट, आणि बाहत्तरच्या फाल्गुनात ट्रंक घेऊन परत आलो. आई रडली. वाड्यातल्या लोकांनी 'नापास' हा शब्द ऐकलाच नाही असं दाखवलं. त्यांच्या लेखी मी 'शायन्स शिकलेला' होतो आणि तसाच राहणार होतो. माझ्या लेखीही तसाच होतो, हीच तर खरी अडचण.

आल्याआल्या मी आत्यापुढं शहाणपणा पाजळला. डोंगराकडं बोट दाखवून म्हणालो, "तो पळस. त्याचं शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा."

टाचता टाचता तिनं वर बघितलं. "नाव हाय का शिवी? आन् त्यो पळस न्हाय, पांगारा हाय. तुझं नाव गुलाब कुनी ठेवलं रं? फुलातलं तर तुला काय बी कळंना. डोळं हायत का बटनं?"

दारातल्या बाया हसल्या. मी चिडून म्हणालो, "पळसाला पानं तीन, पुस्तकात आहे."

"पांगाऱ्यालाबी तीनच हायत. ती म्हण ज्यानं केली त्यानं जल्मात पत्रावळ टाचली नसंल."

पण दुसऱ्या दिवशी तिनं तीन फुलं आणून माझ्या मांडीवर टाकली. म्हणाली, "बग. नापास झालाईस त्या कालेजात. हितं तरी पास हो." आणि तिनं मला शिकवलं. मानायचं नसलं तरी मानावं लागतं, तसं मला औरंगाबादेत कुणी शिकवलं नव्हतं. पळसाची कळी काळपट, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळल्यासारखी, आणि फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. पांगाऱ्याचं फूल रक्तासारखं लालभडक, फांदीच्या टोकालाच झुबक्यानं येणारं, आणि खोडाला बारीक काळे काटे. सावरीचं फूल ओंजळीएवढं, पाच जाड पाकळ्यांचं, पडलं की दगड पडल्यासारखा आवाज करणारं. "लांबनं वळखायचं तर रंगाच्या नादी लागू नगंस," ती म्हणाली. "समद्यांचा रंग लालच. फांदी बग. पळस अंगभर फुलतो. पांगारा बोटाच्या शेंड्याला मेंदी लावल्यागत. सावर हात आडवं करून हुबी ऱ्हाती." आठवडाभर ती मला दारातूनच डोंगर दाखवून विचारायची, त्यो कोन, ह्यो कोन. चुकलो की हसायची. आठव्या दिवशी मी एकदाही चुकलो नाही, आणि ती म्हणाली, "चला, येक बटन उघडलं."

त्या वर्षीचा दुष्काळ काय होता ते पुन्हा सांगत बसत नाही. लग्नं बंद म्हणून पत्रावळ्या पडून राहिल्या, आणि आत्यालाही पहिल्यांदाच सरकारी कामावर खडी फोडायला जावं लागलं. ती म्हणायची, "येवढं वरीस. पुढल्या सालाला लगनं निघत्याल, मंग म्या आन् माझी झाडं." मुकादम 'ए म्हातारे' म्हणून हाक मारायचा. एका सालापुरतं ते ती सोसत होती.

त्र्याहत्तरच्या फाल्गुनात गावाखालच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. चुना भाजायला भट्टी लागणार होती, भट्टीला लाकूड, आणि लाकडासाठी आबारावांच्या नजरेला गायरानाशिवाय दुसरं काही दिसलं नाही. स्वतःच्या बांधावरची बाभळ त्यांना दिसत नसे. ती दिसायला चेअरमनपद सोडावं लागलं असतं. संस्थेनं ठराव केला, गायरानाच्या उतारावरची झाडं तोडून भट्टीला द्यायची. वर 'निरुपयोगी वाढ' असा शेरा.

आत्यानं एक दिवसाची मजुरी बुडवली, मला बरोबर घेतलं आणि एसटीनं भूमला साहेबासमोर जाऊन उभी राहिली. पदराखालून एक पत्रावळ काढून टेबलावर ठेवली. "साहेब, ही निरुपयोगी हाय का बगा. ह्याच्यावर तुमीबी कवातरी जेवला असाल." साहेब बरा निघाला. त्यानं शेरा मारला: पळस वगळून इतर झाडे तोडण्यास हरकत नाही, पळसाच्या खोडांना चुन्याचा पट्टा मारावा, यादी जबाबदार सुशिक्षित व्यक्तीच्या सहीनं सादर करावी.

गावात आल्यावर आबाराव म्हणाले, "सही माझा पुतण्या करंल. मॅट्रिक हाय."

"तुमच्या पुतन्याला सावर आन् पळस येकच," आत्या म्हणाली. "आमचा गुलाब करंल. शायन्स शिकलाय, आन् म्या शिकिवलाय." चावडीसमोर, पन्नास माणसांत, छाती पुढं काढून ती हे बोलली. मी नापास आहे हे तिला ठाऊक होतं. तरी बोलली. आबारावांनी खांदे उडवले. त्यांना लाकूड मिळण्याशी मतलब.

पट्टे मारायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "म्या येते संगं. येक खाडा पडंल, पडू दे."

"काही गरज नाही आत्या," मी म्हणालो. "मला येतं आता."

"माझी झाडं ठावं हायत न्हवं?"

ठाऊक नव्हती. ती दारात पानं टाचताना मी हजारदा बघितलं होतं, पण पानं तोडायला कुठं जाते हे बघायला एकदाही डोंगर चढलो नव्हतो. बोर्डिंगात होतो, औरंगाबादेत होतो, पारावर होतो. 'नाही' म्हटलं असतं तर ती हसली असती. दारात चार बाया होत्याच. मी म्हणालो, "व्हय की, ठावं हायत."

सकाळी चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन मी उतारावर गेलो. पानं सगळ्यांचीच झडलेली, आणि डोंगर लाल. अभिमानानं सांगतो, त्या दिवशी मी एकही फूल चुकलो नाही. खालच्या अंगाला निजामाच्या काळात कुणाचा तरी पानमळा होता. मळा कधीच मेला, वेलींच्या आधाराला लावलेले पांगारे तेवढे वाढून बसले होते. सतरा पांगारे. एकालाही पट्टा मारला नाही. सावरी तीन. त्याही सोडल्या. आणि वरच्या कड्याला, सुटे सुटे, उंच, अंगभर फुललेले पळस मोजले तर अकरा. अकराही खोडांना गोल पांढरा पट्टा ओढला. आबारावांचा पुतण्या असता तर पांगाऱ्यांना चुना फासून गेला असता, असं मनाशी म्हणत मी उतरू लागलो.

मधल्या सपाटीवर चाळीसेक बुटकी खोडं उभी होती. पुरुषभर उंच, शेंड्याला गाठीगाठी, त्यांतून काटक्या फुटलेल्या, धुळीनं माखलेली. एकावरही फूल नाही. कळी नाही. पान तर नाहीच. मी थांबलो. हे काय असावं? आत्या तर चाळीस म्हणत होती, आणि माझे अकराच भरले होते. एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं होतं, खोटं सांगत नाही. खडीचं काम तिथून अर्ध्या मैलावर. जाऊन विचारायचं. तेवढंच करायचं होतं. पण तिथं शंभर बाया खडी फोडत होत्या, आणि त्यांच्यासमोर ती काय म्हणेल ते मला आधीच ऐकू यायला लागलं. डोळं हायत का बटनं? मनात म्हटलं, म्हाताऱ्या बाईला आकडा कुठं कळतो, अकरालाच चाळीस म्हणत असेल. पळस असता तर फुलला असता. तिनंच तर शिकवलंय, पळस अंगभर फुलतो.

यादीत लिहिलं: पळस ११. पांगारा १७. सावर ३. किरकोळ झुडपे ४०. खाली झोकदार सही केली, आणि सहीखाली 'विज्ञान शाखा' असंही लिहिलं. कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवस तोड चालली. कुऱ्हाडींचे आवाज खडीच्या कामावर ऐकू जात होते. आत्या बायांना सांगत होती, म्हणे, "पांगारा पडतोय. पडू द्या. माझ्या झाडांना पट्टा हाय." तोडणाऱ्यांत आमच्याच वाड्यातला पिराजी होता. त्यानं सपाटीवर पहिला घाव घातला आणि थांबला. मुकादमाला म्हणाला, "ह्यो तर पळस दिसतोय." मुकादम म्हणाला, "पट्टा कुठं हाय? कागदावर झुडूप लिवलंय, गुलाबची सही हाय." पिराजी अंगठेबहाद्दर. शिकलेल्या माणसाची सही म्हटल्यावर त्यानं कुऱ्हाड पुन्हा उचलली. आमच्या वाड्यात शिक्षणाला फार मान आहे.

तिसऱ्या दिवशी कामावरून परतताना आत्या वाकड्या वाटेनं उतारावर गेली. पिराजीनं तिला काही सांगितलं असावं. मी मागोमाग पळत गेलो. ती सपाटीवर उभी होती. जमिनीलगत चाळीस बुडखे, आणि प्रत्येक बुडख्याच्या कापल्या कडेला लाल थेंब साकळलेले. पळसाला घाव बसला की लाल गोंद सुटतो. पुस्तकात होतं हे. ज्या पेपरात मी नापास झालो त्याच पेपराला होतं.

ती एका बुडख्याजवळ बसली. बोटानं एक थेंब खरवडला आणि माझ्याकडं बघितलं. मी हसण्याची वाट बघत होतो. हसली असती तर फार बरं झालं असतं.

"फूल न्हवतं आत्या," मी म्हणालो. "एकालाही फूल न्हवतं."

"फूल कसं आसंल? दर साली छाटते म्या. छाटला की पान ताटायेवढं येतंय, आन् फूल येत न्हाय. फुलल्याला पळस पत्रावळीला काय कामाचा?" तिचा आवाज अगदी साधा होता, दारात बसून शिकवताना असायचा तसा. मग तिनं विचारलं, "ईचारलं का न्हाईस?"

"तुम्ही हसला असता."

तिनं बोटावरचा लाल थेंब मातीला पुसला. मग म्हणाली, "व्हय. हसले आसते." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

बुडखे राहिले असते तर पावसाळ्यात फुटले असते. पळस चिवट असतो. पण सरपणासाठी गाव वणवण करत होतं. आठ दिवसांत लोकांनी मुळासकट बुडखे खणून नेले. त्यात बौद्धवाडा मागं नव्हता. आमच्या चुलीतही दोन जळले. मी त्यावर शिजलेली भाकरी खाल्ली.

पुढल्या साली पाऊस झाला, लग्नं निघाली, आणि आत्या खडी फोडत राहिली. दुष्काळी काम संपलं तशी रोजगार हमीवर गेली. दहा वर्षं तिला वेगवेगळ्या मुकादमांनी 'ए म्हातारे' म्हटलं. "म्या कुनाच्या हाताखाली न्हाय," हे तिनं पुन्हा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मलाही ती पुन्हा कधी लागेल असं बोलली नाही. रस्त्यात भेटली तर बाजूला सरून "काय गुलाबराव, बरं हाय का?" एवढंच. वाड्यातले लोक म्हणायचे, आता म्हातारी तुला मान देती. मी मान खाली घालून पुढं जायचो.

आबारावांचं मात्र भलं झालं. पंचाहत्तर साली संस्थेला वृक्षसंवर्धनाचं बक्षीस मिळालं. दुष्काळातही अकरा पळस वाचवले म्हणून. खोटं काहीच नव्हतं त्यात, यादीवर माझी सही होती. शाळेच्या पटांगणात मांडव घातला. आबाराव तासभर बोलले. मला शाल, आत्याला नारळ आणि खण. मग जेवणाच्या पंगती. पत्रावळ्या भूमहून वीरप्पाकडून आणल्या होत्या, त्यानं कुठून तरी परमुलखातून मागवलेल्या. पातळ पान, विरळ टाके. आमटी वाढली की खालून गळायची.

आत्यानं आपली पत्रावळ उचलून उजेडासमोर धरली. पलीकडून आबाराव दिसावेत एवढी भोकं होती तिला. ती मोठ्यानं म्हणाली, "चेरमन, पळस वाचिवला म्हनता, तर मंग जेवायला पानं परगावनं का आनली?"

सगळा मांडव हसला. आबाराव सगळ्यांत जास्त हसले. म्हणाले, "म्हातारीची जीभ काय जात न्हाय!" त्या तीनशे माणसांत तिचा प्रश्न एकालाच कळला, आणि तो अंगावर शाल घेऊन मुकाट्यानं आमटी पुसत बसला होता.

आत्या त्र्याऐंशी साली गेली. मी संस्थेत सेक्रेटरी झालो, अजून आहे. आता अकरा पळसांखाली पाटी आहे, आणि दरवर्षी फाल्गुनात शाळेचे गुरुजी पोरांची रांग घेऊन वर येतात. माहिती द्यायला मला बोलावतात, कारण यादीवर 'विज्ञान शाखा' आहे. मी सांगतो. काळी मखमली कळी तो पळस, शेंड्याला झुबके तो पांगारा, आडवे हात ती सावर. पोरं वहीत लिहून घेतात, गुरुजी मान डोलवतात आणि पलीकडच्या डोंगरावरच्या पांगाऱ्याकडं बघून 'वा' म्हणतात.

फूल नसलेला पळस कसा ओळखायचा, हे आजवर एकाही पोरानं विचारलेलं नाही. विचारलं तर सांगता येईल. आता येतं मला.